जुन्या मोटारीचा पांढरा धूर : निदान आणि उपाय

मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत यवतमाळसारख्या पठारावरील गांवीं पहाटेचा पारा पुष्कळदां दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. अशा वेळीं ज्या घरांत वीस-पंचवीस वर्षांची जुनी मोटार अजून चालती आहे, त्या घरांत एक वाद हटकून उपस्थित होतो. गाडी सुरू करतांच सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा लोट निघतो. वडीलधारी मंडळी म्हणतात, 'थंडी आहे, असें व्हायचेंच.' कॉलेजांत जाणारे चिरंजीव म्हणतात, 'गॅस्केट गेलें, आतां इंजिन उतरवावें लागणार.' आणि माजघरांतून अभिप्राय येतो कीं, 'एकदांची ती गाडी विकून मोकळे व्हा.' हीं तीनहि मतें कोणत्या ना कोणत्या गाडीच्या बाबतींत खरीं असतात. आपल्या गाडीच्या बाबतींत यांपैकीं कोणतें खरें, हें ठरविण्याची रीत या महिन्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

विषय क्षुल्लक नाहीं. आपल्या घरांतून जुनी गाडी केवळ हौसेनें ठेवलेली नसते. रात्रीं-अपरात्रीं आजींना दवाखान्यांत न्यावयाचें, लेकीला माहेरपणासाठीं आणावयाचें, नागपुरास तज्ज्ञ डॉक्टरांची वेळ गांठावयाची, हीं सर्व कामें तिच्या भरंवशावर चाललेलीं असतात. अँबॅसडर गाडी १९५७ पासून २०१४ पर्यंत निघत होती. मारुति ८०० ही १९८३ पासून २०१४ पर्यंत निघाली. कुर्ल्याच्या कारखान्यांतील प्रीमियर पद्मिनी तर मुंबईच्या टॅक्सींतूनहि ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त झाली. परंतु जिल्ह्याच्या गांवीं यांतील कित्येक गाड्या अद्यापि वाडवडिलांच्या वस्तूप्रमाणें जपलेल्या आढळतात. अशा गाडीच्या बाबतींत चूक दोन्ही बाजूंनीं महाग पडते. नुसत्या वाफेला भिऊन इंजिन उघडलें तर पैसा व्यर्थ जातो, आणि एकदां उघडलेलें इंजिन पूर्ववत् बसेलच अशी खात्री नसते. उलट खऱ्या रोगाला थंडी म्हणून सोडून दिलें, तर इंजिन कायमचें जातें, आणि तेंहि बहुधा गांवापासून तीस-चाळीस किलोमीटरवर, घरचीं माणसें गाडींत बसलेलीं असतांना.

धुरावरून अग्नीचें अनुमान करणें हा आपल्या न्यायशास्त्राचा पहिला धडा होय. पर्वत हा पक्ष, अग्नि हें साध्य आणि धूर हा हेतु, हें तर्कसंग्रह वाचणाऱ्या विद्यार्थ्यास प्रथम शिकवितात. परंतु त्याच शास्त्रानें दोन इशारेहि दिले आहेत, आणि मोटारीपुढें उभें राहतांना तेच अधिक उपयोगी आहेत. पहिला इशारा असा कीं, जें दिसतें आहे तो खरोखर धूरच आहे काय, याची आधीं खात्री करावी. धर्मकीर्तीनें न्यायबिंदूंत संदिग्ध हेतूचें उदाहरण देतांना नेमका हाच प्रसंग घेतला आहे : समोर दिसणारा लोट धुराचा कीं वाफेचा हें ठरलें नसेल, तर त्यावरून अग्नि सिद्ध होत नाहीं. दुसरा इशारा असा कीं, अग्नि आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असें नाहीं. सर्पण ओलें असेल तरच धूर निघतो. मोटारीच्या पांढऱ्या धुराचा सर्व प्रश्न या दोन वाक्यांत सांठविलेला आहे. लोट वाफेचा आहे कीं धुराचा, आणि इंजिनांतील अग्नीला ओलावा कोठून मिळाला, एवढेंच शोधावयाचें आहे.

प्रथम निरुपद्रवी वाफेचा विचार करूं. पेट्रोल जळतें तेव्हां त्यांतील हायड्रोजनचें पाणी बनतें, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत नसते. एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे जवळ जवळ एक लिटर पाणी उत्पन्न होतें. गाडी तापली असतां तें अदृश्य वाफेच्या रूपानें निघून जातें. परंतु पहाटेच्या थंडींत सायलेन्सरची नळी गार असते. वाफ तिच्यांत शिरतांच गोठून तिचे सूक्ष्म थेंब होतात, आणि तेच आपणांस पांढरे दिसतात. कधीं कधीं नळीच्या तोंडांतून पाणी ठिबकतेंहि. हा दोष नव्हे. पांच-दहा मिनिटांत नळी तापली कीं लोट आपोआप नाहींसा होतो.

वाफ ओळखण्याची एक खूण प्रत्येक स्वयंपाकघरांत आहे. चहाची किटली उकळूं लागली म्हणजे तिच्या तोंडाशीं नीट पाहावें. अगदीं तोंडाजवळ कांहींच दिसत नाहीं. बोटभर अंतरावर पांढरा लोट सुरू होतो, आणि हातभर गेल्यावर तो हवेंत विरून जातो. खरी वाफ अदृश्यच असते. पांढरें दिसतें तें तिचें थंड झालेलें पाणी. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरील शकुंतला गाडीचें वाफेचें इंजिन १९९४ पर्यंत चालत होतें. तें ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस नळकांड्यांतून सुटणारी शुभ्र वाफ आणि धुरांड्यांतून निघणारा काळा धूर यांतील भेद निराळा सांगावयास नको. मोटारीचा लोट लवकर विरत असेल आणि गाडी तापल्यावर थांबत असेल, तर घरांतील वडील मंडळींचें मत खरें मानावें आणि निश्चिंत असावें.

आतां रोगाकडे वळूं. इंजिनाचे दोन मुख्य भाग असतात. खालचा ब्लॉक, ज्यांत दट्टे खालींवर होतात, आणि वरचें हेड. या दोहोंमध्यें एक पातळ पत्र्यासारखें आच्छादन असतें. त्यास हेड-गॅस्केट म्हणतात. त्याच्या एका बाजूस स्फोटाचा प्रचंड दाब असतो, तर बोटभर अंतरावर इंजिन थंड ठेवणारें पाणी खेळत असतें. दोघांस परस्परांपासून दूर ठेवण्याचें काम हें गॅस्केट करीत असतें. तें एका जागीं जरी फाटलें किंवा हेडला बारीकशी चीर गेली, तरी पाणी ज्वलनाच्या जागेंत शिरतें आणि वाफ होऊन सायलेन्सरवाटे बाहेर पडूं लागतें. हेंच ओलें सर्पण होय. पद्मिनीसारख्या गाडीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचें असतें. अॅल्युमिनियम उष्णतेनें बिडाच्या सुमारें दुप्पट प्रसरण पावतें. म्हणून इंजिन एकदां जरी बेसुमार तापलें, तरी हेड किंचित् वांकतें आणि गॅस्केटची पकड सुटते. अँबॅसडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनाचें हेडहि बिडाचेंच असल्यामुळें तें अधिक सोसतें. तथापि अमर तेंहि नव्हे.

वैद्यकांत रोग्याची परीक्षा दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी त्रिविध सांगितली आहे. मोटारीसहि तीच लागू करावी. या तीन परीक्षांस एकहि हत्यार लागत नाहीं.

दर्शन-परीक्षेंत काळ, रंग आणि रेंगाळणें या तीन गोष्टी पाहाव्या. गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालून तापल्यावरहि पांढरा लोट चालूच असेल, किंवा चैत्र-वैशाखांतील चाळीस अंशांच्या दुपारींहि तो दिसत असेल, तर थंडीची सबब संपली. लोट निळसर असेल तर ऑइल जळत आहे. काळा असेल तर पेट्रोल प्रमाणाबाहेर जात आहे. हे रोग निराळे, त्यांची येथें चर्चा नको. पांढरा लोट दाट असून रस्त्यावर बराच वेळ रेंगाळत असेल, आणि त्यास किंचित् गोडसर वास असेल, तर तो कुलंटचा समजावा. वास घेण्यासाठीं नळीशीं तोंड मात्र नेऊं नये. त्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड हा घातक वायु असतो. गाडी उघड्या अंगणांत असावी, दूर उभें राहावें, आणि येईल तेवढाच वास घ्यावा.

यानंतर ऑइल पाहावें. डिपस्टिक काढून तिच्यावरील ऑइल ताकासारखें किंवा दुधाळ चहासारखें दिसलें, तर पाणी ऑइलांत मिसळत आहे, आणि ती गाडी त्याच क्षणीं उभी करावी. ऑइल भरण्याच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस मलईसारखा थर दिसल्यास मात्र एवढ्यावरून घाबरूं नये. बाजारापुरतीच फिरणारी गाडी पुरती तापत नाहीं, आणि थंडीच्या दिवसांत तिच्या झांकणाला असा थर नुसत्या दमटपणानेंहि येतो. झांकणावर थर आहे, पण डिपस्टिक स्वच्छ आहे, अशी स्थिति असेल तर आठवड्यांतून एकदां गाडी चांगली तास-दीड तास लांब फिरवावी आणि पुन्हां पाहावें.

स्पर्शन-परीक्षा सकाळींच करावी. रात्रभर थंड झालेली गाडी सुरू करून एखाद्या मिनिटांत रेडिएटरचा वरचा रबरी पाइप हातानें दाबून पाहावा. पंख्यापासून हात व पदर मात्र दूर असावे. पाणी अजून तापलेलेंहि नसतां पाइप दगडासारखा टणक लागला, तर इंजिनांतील दाब पाण्यांत शिरत आहे असें समजावें. तसेंच, गाडी पुरती थंड असतांना रेडिएटरचें झांकण उघडून मग ती सुरू केली आणि पाण्यांत बुडबुडे अखंड येत राहिले, तर तीच शंका दृढ होते. आरंभींचे दोन-चार बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात, ते सोडून द्यावे. आणि पाणी तापूं लागण्यापूर्वीं गाडी बंद करावी. गरम रेडिएटरचें झांकण कोणींहि, कधींहि उघडूं नये. तें झांकण पाणी दाबाखालीं ठेवतें, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनहि पाणी आंत शांत राहतें. झांकण सैल होतांच तें उकळून तोंडावर उसळतें.

प्रश्न-परीक्षा सर्वांत महत्त्वाची, आणि एकत्र कुटुंबांत हीच सर्वांत अवघड. मुख्य प्रश्न एकच : गाडींत पाणी किती घालावें लागतें? आमच्या परिचयाच्या एका घरीं मारुति ८०० गाडी चौघेजण चालवीत. थोरल्या बंधूंना पाणी कमी दिसलें कीं ते तांब्याभर घालीत, धाकटे आपल्या फेरीला निघण्यापूर्वीं घालीत, पुतण्याहि घाली. प्रत्येकास वाटे, आपण महिन्यांतून दोनदांच घालतों, म्हणजे कांहीं विशेष नाहीं. एकानें दुसऱ्यास सांगितलें नाहीं, कारण सांगण्यासारखें कांहीं आहे असें कोणासच वाटलें नाहीं. सकाळचा पांढरा धूर सर्वांनींच थंडीच्या नांवावर घातला होता. पुढें एका गॅरेजवाल्यानें नवें इंजिनच बसविण्याचा सल्ला दिला, तेव्हां घरांतील वडिलांनीं निर्णय आठ दिवस लांबणीवर टाकला आणि गाडींत एक साधी वही ठेवली. पाणी फक्त सकाळीं, थंड इंजिनांत, मोजलेल्या बाटलीनेंच घालावयाचें, आणि घालणारानें तारीख, माप आणि सही लिहावयाची, एवढा नियम केला. आठ दिवसांनीं बेरीज अडीच लिटर निघाली. गाडीखालीं रात्रीं पुठ्ठा पसरून ठेवला होता, त्यावर थेंब पडला नव्हता. पाणी बाहेर गळत नाहीं आणि तरी कमी होतें, म्हणजे तें जळून जातें, हें आतां वादाचें राहिलें नाहीं. हेड उतरविलें तेव्हां गॅस्केट एका ठिकाणीं फाटलेलें आणि हेड किंचित् वांकलेलें आढळलें. तें घासून सपाट करतां आलें आणि नव्या इंजिनाचा प्रसंग टळला. त्याच गाडींतून पुढच्या महिन्यांत घरांतील काकूंना डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठीं नागपुरास नेलें. आणखी एक महिना तसाच गेला असता तर गाडी व काकू दोघीहि वाटेंत अडकल्या असत्या.

या गोष्टींतील बोध गाडीपुरता नाहीं, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. जी वस्तु सर्वांची असते, तिची झीज कोणा एकाच्या डोळ्यांस पुरती दिसत नाहीं. एकत्र कुटुंबांत जमाखर्चाची वही असते, तशी गाडीचीहि असावी, आणि ती पाहण्याचें काम एका व्यक्तीकडे असावें.

डिझेल गाड्यांचा प्रकार थोडा वेगळा आहे. जुन्या जीप किंवा सुमो गाडीचा सकाळचा पांढरा धूर पुष्कळदां पाण्याचा नसून न जळलेल्या डिझेलचा असतो. तो डोळ्यांस झोंबतो आणि त्यास कच्च्या डिझेलचा उग्र वास येतो. त्याचें कारण बहुधा हीटर-प्लग निकामी होणें, इंजेक्टर बिघडणें, पंपाचें टायमिंग चुकणें किंवा कॉम्प्रेशन कमी होणें, यांत सांपडतें. गाडी तापल्यावर धूर थांबत असेल तर प्रथम हीटर-प्लग तपासावे. तें काम सोपें व स्वस्त आहे. पेट्रोल गाडींतहि एक दुर्मिळ पण धोक्याचा प्रकार आहे : ब्रेकचें ऑइल मास्टर सिलिंडरमधून बूस्टरमध्यें गळून इंजिनांत ओढलें जातें, आणि त्याचाहि धूर पांढरा असतो. म्हणून धूर दिसला आणि ब्रेक-ऑइलची डबी कमी झालेली आढळली, तर गाडी मुळींच चालवूं नये. येथें प्रश्न इंजिनाचा नसून प्राणांचा आहे.

घरची परीक्षा संपली म्हणजे मिस्त्रीकडे जावें. पण 'हेड उतरवा' असें म्हणत जाऊं नये. हेड उतरविण्यापूर्वीं करावयाच्या चार तपासण्या क्रमानें मागून घ्याव्या. पहिली, सर्व प्लग काढून शेजारी शेजारी ठेवणें. ज्या सिलिंडरांत पाणी शिरतें त्याचा प्लग वाफेनें धुतल्यासारखा स्वच्छ निघतो. दुसरी, कॉम्प्रेशन मोजणें. शेजारचे दोन सिलिंडर दोन्ही कमी दाखवीत असतील तर गॅस्केट त्या दोहोंमध्यें गेलें असण्याचा संभव मोठा. तिसरी, थंड रेडिएटरवर हातपंपानें दाब देऊन तो टिकतो कीं उतरतो हें पाहणें. चौथी, रेडिएटरच्या तोंडावरील हवा एका निळ्या द्रवांतून ओढणें. ज्वलनाचा वायु पाण्यांत येत असेल तर तो द्रव पिवळा होतो. धुराचें पी. यू. सी. प्रमाणपत्र मिळालें म्हणून मात्र निश्चिंत राहूं नये. पेट्रोल गाडीच्या त्या तपासणींत कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजतात. पाण्याची वाफ मोजीत नाहींत.

गळती बंद करणाऱ्या औषधाच्या बाटल्या बाजारांत मिळतात. वाटेंत अडलेली गाडी घरापर्यंत आणण्यापुरता त्यांचा उपयोग होईल. परंतु त्या रेडिएटरच्या बारीक नळ्याहि बुजवितात, आणि मग इंजिन अधिकच तापतें. ज्यांस औषध म्हणावें तें रोगाचें कारण होतें.

रोगाचें मूळ बहुतेक वेळां उन्हाळ्यांत असतें. दिसतो तो हिवाळ्यांत. विदर्भांतील वैशाखांत पारा पंचेचाळीस अंशांच्या घरांत जातो. त्या वेळीं रेडिएटर अर्धा बुजलेला असेल, पंखा मंद असेल किंवा थर्मोस्टॅट अडकलेला असेल, तर इंजिन एकदां तरी तापतेंच. रेडिएटर बुजण्याचें मुख्य कारण म्हणजे विहिरीचें व बोअरचें जड पाणी. पिण्याच्या भांड्यांत जो पांढरा थर धरतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांतहि धरतो. म्हणून डिस्टिल्ड पाणी आणि चांगलें कुलंट निम्मे-निम्मे घालावें, आणि ठरल्या मुदतीनंतर तें बदलावें. कुलंटमधील ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असतें. बाटली मुलांच्या हातीं लागूं नये, आणि काढलेलें कुलंट अंगणांत ओतूं नये. कुत्रीं-मांजरें तें चाटून मरतात.

प्रवासांत कांटा लाल खुणेकडे चढूं लागला, तर 'पुढच्या गांवापर्यंत जाऊं' हा मोह टाळावा. गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद करावें, तास-पाऊण तास थांबावें, आणि तापलेल्या इंजिनावर किंवा रेडिएटरवर गार पाणी ओतूं नये. त्यानें हेडला चीर जाते. पाणी भरूनहि कांटा पुन्हां चढला तर गाडी ओढून नेणें हाच कमी खर्चाचा मार्ग होय.

शेवटीं दुरुस्त करावी कीं काढून टाकावी? आमचें मत असें कीं, हा निर्णय हेड उतरल्यावर, मोजून करावा. आधीं रागानें किंवा ममतेनें करूं नये. सपाट पट्टी व फीलर गेज लावून हेडचा वांक मोजतात. ही मोजणी मिलिमीटरच्या शतांशांत होते, नुसत्या नजरेनें होत नाहीं. नुसतें गॅस्केट गेलें असेल, किंवा वांक थोडा असून हेड घासून सरळ होत असेल, तर दुरुस्ती अवश्य करावी, आणि बोल्ट टॉर्क-पान्यानें मधल्यापासून कडेकडे, कंपनीच्या क्रमानेंच आवळले जात आहेत हें समोर उभें राहून पाहावें. हेडला चीर असेल तर दुसरें हेड किती खर्चानें मिळतें तें विचारावें. ब्लॉकला चीर असेल, तर गाडी वाडवडिलांची असली तरी तिला निरोप द्यावा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं नवी करून घ्यावी लागते. तो खर्च आणि सुट्या भागांची टंचाई, हीं दोन्ही त्या दिवशीं हिशोबांत धरावीं.

वाचकांनीं या महिन्यांत एवढें करावें. गाडींत वही ठेवावी, सकाळीं थंड इंजिनांत पाणी व ऑइल पाहावें, आणि पंधरा दिवस नोंद करावी. वहीची पानें कोरीं राहिलीं, तर पांढरा धूर थंडीचा आहे असें मानून गाडी निःशंकपणें बाहेर काढावी. पानें भरूं लागलीं, तर नागपूरची फेरी पुढें ढकलावी आणि आधीं गाडी दाखवावी.